पहिला पाऊस, हुमणी आणि बेडकाची अंडी

(ऊस विकास विभागाकडून)



रोहिणी नक्षत्र जवळ आले की आमच्या शेती खात्याकडे हुमणीची विचारणा सुरू होते. औषध कोणते, एकरी किती टाकायचे, गट ऑफिसात केव्हा मिळणार, बिलातून कपात होईल का, असे प्रश्न रोज येतात. त्यांची उत्तरे गटाचे कर्मचारी देतातच. या लेखात मात्र आम्ही एका वेगळ्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ती गोष्ट पैशाने मिळत नाही, दुकानात विकत नाही, आणि तिच्याकडे आपण आजवर ढुंकूनही पाहिलेले नाही. ती म्हणजे बेडूक, आणि त्याहून नेमके सांगायचे तर बेडकाची अंडी.

"साहेब, बेडकांनी काय उसाचा उतारा वाढतोय व्हय?" असे कुणी तरी म्हणणार हे आम्हांला ठाऊक आहे. उतारा वाढत नाही, हे आम्हीच आधी सांगून टाकतो. पण उसाच्या बुडाशी चाललेल्या लढाईत बेडूक आपल्या बाजूचा आहे. पावसाळ्याच्या पहिल्या सहा आठवड्यांत आपण त्याची पिढीच्या पिढी नकळत मारून टाकतो. हे थांबले पाहिजे, आणि कारखान्याच्या ऊस विकासाच्या कामात त्याला जागा मिळाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एकच पाऊस, दोघांची वेळ

वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत दडून बसलेला हुमणीचा भुंगेरा अंधार पडताना बाहेर येतो. बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतो, पाला खातो, तिथेच नर-मादीचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी आधी कुजलेल्या काडीकचऱ्यावर जगते आणि मग मुळ्यांना लागते. ऑगस्ट ते ऑक्टोबरात ऊस पिवळा पडतो, वाळतो, आणि हाताने ओढला की बुडासकट वर येतो. हे चित्र ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. अळी मोठी झाल्यावर केलेला खर्च बहुतेक पाण्यातच जातो. म्हणून भुंगेरा अंडी घालण्याच्या आत मारावा, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या पावसाने भुंगेरा वर येतो, त्याच पावसाने बेडूकही वर येतो. उन्हाळाभर पाचटाखाली, दगडाखाली, बांधाच्या भेगेत निपचित पडलेला भेक त्याच रात्री बाहेर पडतो आणि बाभळीच्या बुडाशी दबा धरून बसतो. भुंगेरा, रातकिडा, वाळवी, मुंगी, जे समोर हलेल ते जिभेने उचलतो. मातीतून निघणारा किंवा झाडावरून खाली पडणारा भुंगेरा त्याच्या तोंडापुढेच येतो. अंडी घालण्यापूर्वी एक मादी खाल्ली गेली, की ५०-६० अळ्या जन्मालाच येत नाहीत. या कामाची मजुरी कुणाच्या बिलातून कापली जात नाही.

औषधांचा इतिहासही आठवून पाहावा. एके काळी हुमणीवर बीएचसीची भुकटी हे रामबाण औषध समजले जात होते. १९९७ साली त्यावर बंदी आली. मग फोरेटचे दाणे आले. त्यावरही ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. औषधे आली आणि गेली, हुमणी मात्र होती तिथेच आहे. दरम्यान जी भुकटी आणि जे दाणे आपण जमिनीत टाकले, त्यांनी भुंगेरे खाणारेही मेले. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. मातीत आणि पाण्यात जे असेल ते सरळ त्याच्या अंगात उतरते.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण ती ऊसधंद्यातलीच आहे. १९३२ साली पोर्तो रिको येथे ऊसतंत्रज्ञांची जागतिक परिषद भरली होती. तिथे उसातले भुंगेरे खाणाऱ्या एका दणकट अमेरिकी भेकाची मोठी वाखाणणी झाली. ते ऐकून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या ऊस संशोधन खात्याने १९३५ साली हवाई बेटांवरून असे सुमारे शंभर भेक आणले, त्यांची पैदास केली आणि उसात सोडले. भुंगेरे काही आटोक्यात आले नाहीत. ते उसाच्या शेंड्याकडे राहिले आणि भेक खाली जमिनीवर. पण भेकाची पैदास अशी झाली की आज उत्तर आणि पूर्व ऑस्ट्रेलियाचा मोठा भाग त्याने व्यापला आहे. त्याच्या अंगात विष असल्याने त्याला खाणारे तिथले प्राणी मरतात.

यातून आम्ही दोन धडे घेतो. पहिला असा की बेडूक हे हुमणीवरचे एकमेव औषध नाही. प्रकाश सापळे, झाडे हलवून सामुदायिकपणे भुंगेरे गोळा करणे, खोल नांगरट, मेटारायझियमसारखी उपयोगी बुरशी, हे सगळे करावेच लागते. बेडूक हा त्यांच्या जोडीचा एक गडी आहे. दुसरा धडा असा की बाहेरून काही आणायचे नाही. आपल्या शिवारातला भेक आणि आपल्या ओढ्यातला बेडूक इथल्या मातीत, इथल्या सापा-बगळ्यांबरोबर वाढलेला आहे. त्याला फक्त जगू द्यायचे आहे.

अंडी ओळखावी कशी

बहुतेक शेतकऱ्यांनी बेडकाची अंडी पाहिलेली असतात, पण ती काय आहेत हे ठाऊक नसल्याने घाण म्हणून काढून टाकली जातात. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

भेक म्हणजे तो खरबरीत कातडीचा, हळू चालणारा. त्याची अंडी लांबच लांब, पारदर्शक चिकट दोरीत ओवलेल्या काळ्या मण्यांसारखी दिसतात. उथळ पाण्यात गवताच्या काड्यांना ही पोत गुंडाळलेली असते. एका मादीची अंडी हजारांच्या घरात असतात.

मोठा बेडूक, ज्याचा नर पहिल्या पावसात हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे काढून ओरडतो, तो नव्याने साठलेल्या पावसाच्या पाण्यात अंडी घालतो. ती पाण्यावर सायीसारखी पसरतात. लहान जातीच्या बेडकांची अंडी भिजवलेल्या साबुदाण्याच्या पातळ थरासारखी दिसतात.

झाडावर राहणारा बेडूक आणखी वेगळा. तो पाण्याच्या वर, हौदाच्या आतल्या भिंतीला किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटवतो. त्या फेसात अंडी असतात, आणि पिले तयार झाली की टपटप खाली पाण्यात पडतात. हौद धुताना हा फेस कुणाचे तरी थुंकणे समजून खराट्याने खरवडला जातो.

अंड्यांतून दोन-तीन दिवसांत शेपटीचे बेडूकमासे निघतात. महिना-दीड महिन्यात त्यांना पाय फुटतात, शेपटी जिरते आणि नखाएवढे बेडूक काठावर येतात. आम्ही सहा आठवडे म्हणतो ते याच हिशेबाने. हजार अंड्यांतून मोठे होणारे थोडेच. चतुराच्या अळ्या, खेकडे, बगळे, खंड्या आपापला वाटा नेतात. तो निसर्गाचा हिशेब आहे आणि तो बरोबर जुळलेला आहे. त्यात आपण हात घालायचे कारण नाही. घाला पडतो तो आपल्या हातून.

घाला कसा पडतो

पहिली गोष्ट, डबकी उरलीच नाहीत. पूर्वी प्रत्येक शिवारात खोलगट कोपरा, मातीचा खड्डा, गावतळे, ओढ्याची डोह-डबकी असत. जेसीबीने लेव्हलिंग करताना सगळे सपाट झाले आणि ऊस बांधाला भिडला. इंग्लंडमध्येही विसाव्या शतकात शेतातली तळी अशीच बुजली, आणि तिथल्या बेडकांना शेवटी लोकांच्या परसातल्या लहान तळ्यांनी आसरा दिला. दहा फुटांचे तळे, पण त्याने गावोगावचे बेडूक टिकले.

दुसरी गोष्ट तणनाशकाची. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टात होते. लागणीनंतर तीन-चार दिवसांत तण उगवण्यापूर्वी ॲट्राझीन मारले जाते. त्यावर जोराचा पाऊस झाला की तेच पाणी सरीतून वाहत खोलगट कोपऱ्यात साठते, जिथे नेमके त्याच वेळी बेडूकमासे असतात. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठाचे शास्त्रज्ञ टायरोन हेज यांनी २००२ साली दाखवले की पाण्यात अगदी सूक्ष्म अंश असला तरी नर बेडकांच्या जननेंद्रियांत बिघाड होतो. औषध बनवणाऱ्यांनी ते मान्य केले नाही आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. युरोपीय संघाने मात्र हे रसायन भूजलात उतरते या कारणाने २००४ साली त्याची मान्यता काढून घेतली. आपल्याकडे ते चालू आहे. ग्लायफोसेटच्या द्रावणात पानाला चिकटण्यासाठी जे द्रव्य मिसळतात, ते बेडूकमाशांच्या कल्ल्यांना घातक आहे. बांधावरचे तण मारताना डबक्याच्या काठापर्यंत फवारा नेणे आणि वर पंप त्याच डबक्यात विसळणे, ही आपली नेहमीची रीत आहे. एका पंपाच्या धुण्याने एका डबक्याची सगळी पिढी जाते.

तिसरी गोष्ट शेततळ्याची. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि प्लास्टिकच्या कागदाची तळी वाढली. पाण्यासाठी ती चांगलीच आहेत. पण तो कागद घसरडा असतो. पाण्याच्या ओढीने आत उतरलेला भेक, साळिंदर, ससा, कुत्रे, आणि दुर्दैवाने कधी कधी माणसाचे मूलसुद्धा, वर येऊ शकत नाही. त्यात चिलापी किंवा बंदी असलेला विदेशी मांगूर सोडला की अंडी आणि पिले यांचे काही शिल्लकच राहत नाही.

चौथी गोष्ट पाचटाची. तोड झाल्यावर फड पेटवला की पाचटाखाली आसरा घेतलेला भेक जळतो. पाचट कुजवा असे आम्ही जमिनीच्या सुपीकतेसाठी सांगतोच. त्याला हे आणखी एक कारण.

पाचवी गोष्ट आम्ही कारखान्याच्याच पत्रकात लिहीत आहोत, आणि ती लिहिल्याशिवाय वरच्या चार गोष्टी सांगण्याचा आम्हांला अधिकार राहत नाही. मळीचे किंवा स्पेंटवॉशचे पाणी कोणत्याही टँकरने ओढ्यात किंवा चरात सोडता कामा नये. त्या पाण्याने आधी ओढ्यातला प्राणवायू संपतो, मग त्यातला जीव. सभासदाने पंप कुठे धुवावा हे सांगायचे आणि टँकरवाल्याकडे डोळेझाक करायची, हे सहकारात बसत नाही. असा टँकर दिसला तर गट ऑफिसला तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर कळवावा. संचालक मंडळाने या तक्रारींची वेगळी नोंदवही ठेवावी, अशी आमची सूचना आहे.

साप आणि डास

दोन हरकती हमखास निघतात. पहिली, बेडूक आले की साप येतात. हे काही प्रमाणात खरे आहे. दिवड तर बेडकावरच जगते, पण ती बिनविषारी आहे. नागही बेडूक खातो. मात्र उसाच्या फडात साप येतो तो मुख्यतः उंदरांसाठी. डबके बुजवल्याने उंदीर कमी होत नाहीत. म्हणून डबके घर, गोठा आणि तोडणी मजुरांच्या खोपीपासून लांब ठेवावे, रात्री बॅटरी आणि पायात बूट असावेत, एवढे पथ्य पुरे.

दुसरी हरकत डासांची. डेंग्यूचा डास घरातल्या रांजणात, कूलरमध्ये, टायरमध्ये, उघड्या टाकीत वाढतो. ज्या डबक्यात चतुराच्या अळ्या, पाणकिडे आणि मोठ्या बेडकाची मांसाहारी पिले आहेत, तिथे डासाच्या अळ्यांना सुखाने जगता येत नाही. तेव्हा जळके ऑईल टाकायचे तर गावातल्या तुंबलेल्या गटारीत टाकावे, शिवारातल्या डबक्यात नको. गप्पी मासे हौदात सोडावेत. डबक्यात सोडले तर ते अंडी आणि लहान पिलेही खातात.

सभासदांनी काय करावे

१. शेताच्या खोलगट कोपऱ्यात १५ फूट लांब, १५ फूट रुंद, गुडघाभर खोल असा एक खड्डा राखावा. कागद नको, मासे नकोत. एक बाजू उतरती ठेवावी म्हणजे पिलांना बाहेर पडता येईल. काठावर गवत राहू द्यावे. ही जागा २२५ चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा पाचवा हिस्सा होते. एकरी ४० टन धरले तर गुंठ्याला १ टन, म्हणजे आपले नुकसान सुमारे २०० किलो उसाचे. हुमणीने एक सरी बसवली तरी यापेक्षा जास्त जाते. सगळ्यांनी खड्डा काढावा असा आग्रह नाही. पाच-सहा खातेदारांत मिळून एक असला तरी चालेल.

२. पहिल्या पावसापासून सहा आठवडे हे डबके उपसू नये, गाळ काढू नये, जनावरे आत घालू नयेत. गाळ काढायचा तर एप्रिल-मे महिन्यांत, कोरडे असताना काढावा.

३. डबक्याला आणि ओढ्याला लागून असलेल्या तीन सऱ्यांत तणनाशक मारू नये, तिथे भांगलण करावी. पंप आणि डबे शेतात पडीक जागी धुवावेत.

४. कागदाच्या शेततळ्यात चारही कोपऱ्यांना काथ्याचा जाड दोर आणि त्याला बांधलेली गोणपाटाची पट्टी वरपासून पाण्यात सोडावी. खर्च किरकोळ आहे. कुंपण तर हवेच.

५. प्रकाश सापळ्याचे रॉकेलमिश्रित पाण्याचे घमेले जमिनीवर न ठेवता विटांवर उंच ठेवावे. दिव्याखाली भेक जमतात आणि घमेल्यात पडून मरतात. भुंगेऱ्यांसाठी झाडांवर फवारणी करण्यापेक्षा फांद्या हलवून ते गोळा करावेत. विषारी भुंगेरा खाऊन भेकाच्या अंगात विष जाते.

६. एका डबक्यातली अंडी बादलीत भरून दुसऱ्या डबक्यात नेऊ नयेत. पाण्याबरोबर बेडकांचे रोग जातात. इंग्लंडमध्ये १९८० नंतर बेडकांत विषाणूचा रोग पसरला आणि तिथे हाच सल्ला दिला जातो. डबके चांगले असेल तर बेडूक आपणहून येतो. पोरांना अंडी दाखवावीत, पण बाटलीत भरू देऊ नयेत.

७. पावसाळ्यात पिवळे बेडूक पकडून तंगड्यांसाठी विकणारे कुणी आढळले तर वनखात्याला कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. एके काळी आपला देश बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवत होता. शेतातले कीडभक्षक गेले आणि परकीय चलनाच्या पदरात औषधांची आयात आली, अशी ओरड झाल्यावर १९८७ साली ती निर्यात बंद करण्यात आली. गोव्यात मात्र पावसाळ्यात चोरटी शिकार अजून होते.

शेती खात्यानेही आपला वाटा उचलला पाहिजे. हुमणीची मोहीम आखताना प्रत्येक गटात एक तरी डबके नकाशावर टिपावे, आणि मेटारायझियमचा पुरवठा पावसाच्या आधी व्हावा, म्हणजे घाईघाईत जहाल औषधाकडे वळण्याची पाळी येणार नाही. याचा पाठपुरावा आम्ही करू.

२०२३ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या पाहणीत, पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणाऱ्या या वर्गातल्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्यांच्या वर्गापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. आपल्या शिवारातला साधा भेक आज त्या यादीत नाही. पण पूर्वी पहिल्या पावसाच्या रात्री डराव डराव ऐकत झोप लागायची नाही, आणि आता कान देऊन ऐकावे लागते, असे जुने सभासद आम्हांला सांगतात. पाऊस लांबला की आपल्याकडे धोंडी काढतात, काही गावांत मुसळाला बेडूक बांधून दारोदार पाणी मागतात. बेडूक आणि पाऊस यांचे नाते आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते.

यंदाच्या पहिल्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी प्रत्येक सभासदाने आपल्या शेतातल्या साठलेल्या पाण्याकडे एक फेरी मारावी. काळ्या मण्यांची पोत, साबुदाण्याचा थर किंवा फेसाचा गोळा दिसला तर ती जागा सोडून फवारणी करावी, आणि गटाच्या कर्मचाऱ्याला सांगावे. गाव, गट नंबर आणि तारीख आम्ही लिहून घेऊ. पुढच्या वर्षी याच पानावर त्याचा आकडा देऊ, मग तो कितीही लहान असो.

— ऊस विकास अधिकारी